दोन कॅमेरे आणि एक आखणी

वाईहून मुंबईला जाणारी गाडी सकाळी फलाटाला लागली, तेव्हा माझ्या दोन्ही खांद्यांवर एकेक पिशवी होती आणि दोन्ही पिशव्यांत कॅमेरेच होते. तिकीट देताना वाहकाने विचारले, "काका, लग्नाची ऑर्डर काय?" मी नाही म्हणालो. मग काय आहे, हे सांगण्याची माझी पूर्ण तयारी होती. पण तो पुढच्या बाकाकडे सरकला. शेजारची जागा रिकामी होती. तिच्यावर मी पिशव्या ठेवल्या आणि पसरणीकडच्या हिरव्या डोंगराकडे पाहत बसलो.

वाहकाला सांगायचे राहिले ते वाचकांना सांगतो. आमच्या छायाचित्र मंडळातील तिघा-चौघांनी एकच प्रश्न बरेच दिवस धरून ठेवला होता: पहिलाच चांगला कॅमेरा घ्यायचा, तर प्रचंड झूमचा 'ब्रिज' कॅमेरा घ्यावा, की भिंगे बदलता येणारा, सुरुवातीच्या श्रेणीतला कॅमेरा घ्यावा? पहिल्या जातीत भिंग कॅमेऱ्याच्या अंगालाच कायमचे जोडलेले असते. बटण दाबले की नळी पुढे येते आणि समोरच्या डोंगरावरचे झाड हाताशी येते. दुसऱ्या जातीत भिंग काढून दुसरे लावता येते. परंतु प्रत्येक भिंगाची मर्यादा ठरलेली असते आणि त्या मर्यादेपलीकडचे हवे असेल, तर स्वतःच्या पायांनी पुढे जावे लागते. माझ्याकडे दोन्ही आहेत. तेव्हा एकाच प्रवासात दोन्ही वापरून पाहावेत आणि मंडळाला निष्कर्ष सांगावा, असे ठरवले.

यांतला ब्रिज कॅमेरा माझा. दुसरा मधुकरचा. मधुकर आमच्या शाळेत चित्रकला शिकवत असे आणि मी विज्ञान. दर मे महिन्यात आम्ही दोघे प्रवासाला निघत असू. वेळापत्रक माझे, थांबे त्याचे. निवृत्तीनंतर तो दादरला आपल्या मूळ घरी परतला, तरीही प्रवास चालू राहिले. पुढे त्याच्या दृष्टिपटलाचा मधला भाग निकामी होत गेला. त्याला कडेचे दिसते, मधले दिसत नाही. नवा घेतलेला कॅमेरा त्याने गेल्या वर्षी माझ्या हाती दिला आणि म्हणाला, "वापर. माझ्याकडे नुसता पडून राहील." तो माझ्याकडे नुसता पडून राहिला. एकट्याच्या प्रवासात मला झूमच सोयीचे पडते. आता मधूने 'माझाही घेऊन ये' म्हणून मुंबईला बोलावले, तेव्हा दोन्ही घेऊन निघालो.

दादरला उतरलो तेव्हा दुपार कलली होती. मधूच्या घराचा जिना लाकडी आणि उभा आहे. दार सुनंदावहिनींनी उघडले. मधू खिडकीपाशी बसला होता. त्याने माझ्याकडे न पाहता माझ्या डाव्या कानाकडे पाहिले. तोंड पाहायचे असेल, तर त्याला आता कानाकडे पाहावे लागते.

"आलास? आणि माझा आणलास?"

"आणलाय."

"वापरतोस?"

"कपाटात असतो."

"बुरशी लागू नये म्हणून सिलिका जेल बदलतोस ना?"

"दर दोन महिन्यांनी."

"मग झालं तर! कॅमेऱ्याला आणखी काय लागतं!" तो म्हणाला. वहिनी स्वयंपाकघरातून हसल्या.

चहा झाल्यावर मधूने मला बोलावण्यामागचे खरे कारण सांगितले. परळला बाबी म्हणून त्याचा बालपणीचा मित्र आहे. त्याची गणपतीची कार्यशाळा आहे. दर वर्षी आषाढ-श्रावणात मधू तिथे जाऊन मूर्तींची 'आखणी' करत असे. आखणी म्हणजे डोळे रेखणे. मूर्तीचे सगळे रंगकाम झाल्यावर हे काम शेवटी होते आणि ते कोणीही करून चालत नाही. कार्यशाळेत त्यासाठी एकच ठरलेला हात असतो. गेल्या वर्षी मधूचा हात चुकला नाही, पण डोळे चुकले, आणि ते त्याच्याच प्रथम लक्षात आले. या वर्षी त्याने तन्वी नावाच्या मुलीचे नाव सुचवले. लालबागची मुलगी, चार वर्षे त्याच्या हाताखाली लहान मूर्तींचे डोळे रेखत होती. आता एका मंडळाच्या मोठ्या मूर्तीवर तिने कच्ची रेघ काढून ठेवली आहे. बाबीचे म्हणणे एवढेच, की मधूने ती रेघ पाहून हो म्हणावे. हो म्हटले, तर तन्वी काळा रंग भरेल आणि यापुढे आखणी तिची. नाही म्हटले, तर रेघ पुसून पेणहून कारागीर बोलवायचा.

"रविवारी मंडळवाले न्यायला येणार," मधू म्हणाला. "मला तो जिना उतरवत नाही, आणि तिथे जाऊन तरी काय दिसणार? अंधार असतो. तू फोटो काढून आण. टीव्हीवर मोठा केला की मला कडेकडेने जुळवता येतं. एकच बघायचंय. नजर पडते का."

"म्हणजे?"

"समोर उभा राहिलेल्या माणसावर नजर पडायला हवी रे. नाहीतर ती नुसती दोन चित्रं आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबीकडे जाण्याआधी लालबागला उतरलो. मसाल्याच्या दुकानांत कांडप (मिरच्या व मसाले कुटण्याचे यंत्र) चालू होते आणि हवेत तांबूस धूळ तरंगत होती. मला एकामागून एक शिंका येऊ लागल्या. दुकानातली बाई मिरच्या चाळता चाळता म्हणाली, "नवीन दिसताय. आमची पोरं पाळण्यातच शिंकायची थांबतात." ब्रिज कॅमेऱ्याने मी पलीकडच्या फुटपाथवरून तिचे हात टिपले. तिला ते कळले नाही. पूर्वी असे करताना मला कसेतरी वाटत असे. अलीकडे वाटत नाही.

बाबीची कार्यशाळा म्हणजे ताडपत्री आणि पत्र्यांनी शाकारलेला उंच मांडव. आत शिरताच प्लास्टर आणि रंगाचा वास आला. मोठी मूर्ती मागच्या बाजूला होती. तिचे तोंड जुन्या धोतराने झाकलेले होते. आखणी पुरी होईपर्यंत तोंड उघडे ठेवत नाहीत.

"येवा मास्तरानू," बाबी म्हणाला. तो जन्माने परळचा, पण बोलण्यात कणकवली टिकवून असलेला. "मधग्या कसो आसा? अजून बायकोक ओरडता मां?" (मधू कसा आहे? अजून बायकोवर ओरडतो ना?)

"बायको त्याला ओरडते."

"मगे बरो आसा तो." (मग बरा आहे तो.)

तन्वी एका लहान मूर्तीच्या कानाला सोनेरी लावत बसली होती. तिने मान वर करून नमस्कार केला, हातातला ब्रश पुसला आणि शिडी चढून धोतर उतरवले. तिच्या ओढणीच्या टोकाला रंगाचे डाग होते. तिची नजर मूर्तीवर नव्हती. माझ्या पिशव्यांवर होती.

कॅमेऱ्याची निवड मी विचारपूर्वक केली. मांडवात प्लास्टरची बारीक धूळ तरंगत होती. भिंग बदलताना कॅमेऱ्याचा आतला संवेदक क्षणभर उघडा पडतो आणि त्यावर धूळ बसली की प्रत्येक चित्रावर डाग येतो. ब्रिज कॅमेऱ्याला हा धोका नाही, कारण तो उघडतच नाही. म्हणून तोच घेतला. जागाही विचारपूर्वक निवडली. मूर्ती तीन पुरुष उंच होती. खालून फोटो काढला, तर हनुवटी मोठी आणि कपाळ लहान येणार. समोरच्या भिंतीला सामानाचा माळा होता. आयुष्यभर मी मुलांना मोजपात्रातले वाचन घ्यायला शिकवले आहे: डोळा द्रवाच्या पातळीत ठेवावा, वरून किंवा खालून पाहिले, तर वाचन चुकते. शिडी चढून मी माळ्यावर गेलो, मूर्तीच्या डोळ्यांच्या अचूक पातळीत कॅमेरा धरला आणि झूम पुढे नेले. दोन्ही डोळे चौकटीत भरून आले. रेघ किती बारीक होती!

खाली तन्वी माझ्याकडे पाहत उभी होती. काहीतरी बोलायचे असावे तसे तिने तोंड उघडले. पण बाबीने तिला हाक मारली आणि ती गेली.

संध्याकाळी मधूच्या टीव्हीला कार्ड जोडले. मधू खुर्ची पुढे ओढून पडद्यापासून हातभर अंतरावर बसला. मान वळवून त्याने आधी मूर्तीच्या कानाच्या जागी नजर लावली, मग मुकुटाच्या, मग सोंडेच्या वळणावर. अशा कडांवरून तो मधला भाग जुळवत होता. वहिनींनी कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून गॅस बंद केला.

"समोरून काढलास ना?"

"अगदी समोरून," मी म्हणालो.

त्याने कडा पुन्हा एकदा तपासल्या. मग म्हणाला, "पापणी जड आहे. झोप आल्यासारखी. नजर पोटावर चाललीय त्याच्याच. समोर कोणी नाहीच असं वाटतंय."

"रेघ तर बारीक आहे."

"बारीक आहे. हात चांगलाच आहे तिचा. पण नजर नाही." त्याने चष्मा काढला आणि डोळे चोळले. "चार वर्षं सांगितलं तिला. माझंच चुकलं असेल सांगण्यात."

त्याने बाबीला फोन लावला. पलीकडून काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. मधू फक्त "हो", "नाही" आणि शेवटी "बोलाव मग, उद्या संध्याकाळी" एवढेच म्हणाला. रात्री जेवताना वहिनींनी डाळिंब्यांची उसळ दोनदा वाढली आणि ती कोणी संपवली नाही.

शनिवारी मला काही काम उरले नव्हते. परतीची गाडी रविवारची. मधू झोपला आहे, असे वहिनी म्हणाल्या. त्याला झोप लागली नव्हती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. मी पिशव्या घेऊन बाहेर पडलो आणि छायाचित्र मंडळाला दिलेला शब्द पाळण्यासाठी वरळी कोळीवाड्यात गेलो.

समुद्र मातकट होता. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होत्या आणि त्यांना नारळी पौर्णिमेसाठी रंग देणे चालू होते. ब्रिज कॅमेऱ्याचे खरे सामर्थ्य इथे दिसले. खूप दूर एक बार्ज (सपाट तळाची मालवाहू बोट) नांगरून उभी होती. नुसत्या डोळ्यांना ती करड्या पाण्यावरचा ठिपका वाटत होती. झूम पूर्ण पुढे नेले, तर तिच्या कडेला पाय सोडून बसलेली दोन माणसे दिसली. एका डब्यातून दोघे जेवत होते. एकाने काहीतरी सांगितले आणि दुसरा हसता हसता मागे रेलला. त्यांच्यात जाऊन बसावे इतकी ती जवळ आली होती. मी कॅमेरा खाली घेतला. पाण्यावर ठिपका होता. मधूच्या कॅमेऱ्याने ती माणसे दिसलीच नसती, आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी ते मला बरे वाटले असते.

तिथून गिरगावात गेलो. एका जुन्या उपाहारगृहात चौघांच्या टेबलाशी बसलो आणि पिशव्या समोरच्या खुर्चीवर ठेवल्या. गर्दी होती. वेटर आला.

"काका, पिशवी उचला. ती काय खाणार नाही."

मी उचलली. समोर एक गृहस्थ येऊन बसले. त्यांनी मिसळ मागवली, मी कोथिंबीरवडी आणि पियूष (श्रीखंडाच्या चवीचे पातळ पेय). आम्ही दोघांनी समोरासमोर बसून पूर्ण जेवण केले. उठताना त्यांनी माझ्या पेल्याला धक्का लागू नये म्हणून आपले ताट जपून सरकवले. तेवढाच आमचा संवाद.

खोताच्या वाडीत ऊन-सावलीचा खेळ चालू होता. वाडी म्हणजे अरुंद गल्ल्यांतली लाकडी घरे; पुढे ओटा आणि नक्षीचे कठडे. एक निळ्या कठड्याचे घर मला फार आवडले. आपण कोणाच्या दारात उभे आहोत असे वाटू नये, म्हणून मी गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला गेलो आणि तिथून झूम लावून ते टिपले.

"ओ मिस्टर!" ओट्यावरच्या वेताच्या खुर्चीत एक वयस्क बाई बसल्या होत्या. फुलाफुलांचा फ्रॉक, गळ्यात छोटा क्रूस, मांडीवर निवडायची भाजी. "तुम्ही तिथून मला बघता, तर मी तुम्हाला बघत नाही काय? फोटो काढायचा तर विचारायचं आधी."

मी जवळ जाऊन क्षमा मागितली.

"बघू काय काढलं ते."

मी पडद्यावर चित्र दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पाहता पाहता त्यांचा आवाज चढला. "हा टॉवर माझ्या कौलांवर कोणी बसवला?"

चित्रात खरोखरच मागची उंच इमारत त्यांच्या छपरावर येऊन टेकली होती.

"मागेच आहे ना तो," मी म्हणालो.

"मागे आहे, पण तिकडे! मेन रोडच्या पलीकडे. माझ्या घरात बसून मला तो कधी दिसत नाही. तुम्ही एवढ्या लांब जाऊन उभे राहिलात, म्हणून तुम्हाला दिसला. इथे या. इथे, पायरीपाशी. आता बघा. दिसतो?"

मी पायरीपाशी उभा राहून वर पाहिले. कौलांची कड होती आणि तिच्यावर आकाश. टॉवर नव्हता.

"नाही दिसत."

"मग इथून काढा. माझ्याकडे येणारा माणूस इथून बघतो घर."

मी तिथेच, त्या पायरीपाशी, थबकलो. बाईंनी दोनदा विचारले, "काढता ना?" मी मधूचा कॅमेरा बाहेर काढला, नेहमीचे छोटे भिंग लावले आणि पायरीवरून घर टिपले, घराबरोबर त्याही आल्या, भाजीसकट. चित्र पाहून त्या म्हणाल्या, "आता माझं घर दिसतंय." मी आभार मानले आणि जवळजवळ धावतच टॅक्सी शोधू लागलो.

जी गोष्ट मला आधीच माहीत होती ती इतक्या उशिरा सुचावी, याचे कारण वाचकांना सांगणे भाग आहे. वस्तू एकमेकींच्या तुलनेत कशा दिसतील, हे भिंगावर ठरत नाही. आपण कुठे उभे आहोत, यावर ठरते. झूम फक्त त्या दृश्यातला तुकडा कापून मोठा करते. मोजपात्रातले पाणी कोणाकडे पाहत नाही, म्हणून त्याच्या पातळीत डोळा ठेवायचा असतो. मोठ्या गणपतीचे डोळे मात्र खाली उभ्या असलेल्या माणसासाठी काढलेले असतात. पापणी खालून पाहिली असता उघडी दिसावी, म्हणूनच ती जड काढतात. मी माळ्यावर, जिथे कोणताही भक्त कधी उभा राहणार नाही तिथे, चढून नजर शोधत होतो.

कार्यशाळेत पोहोचलो तेव्हा पेणचा कारागीर यायचा होता. मूर्तीचे तोंड पुन्हा झाकलेले होते आणि तन्वी पाठमोरी बसून उंदरांच्या शेपट्या रंगवत होती.

"तन्वी, रेघ पुसली का?"

"अजून नाही. ते आल्यावर पुसतील." तिने वळून पाहिले नाही.

"तू ती रेघ कुठे उभी राहून तपासलीस?"

आता ती वळली. मांडवाच्या मधोमध गेली आणि पायाने भुसा सारला. खाली जमिनीवर खडूने एक फुली काढलेली होती. "इथे. दर थोड्या वेळाने शिडी उतरायची, इथे येऊन बघायचं, परत चढायचं. मधूकाकांनी तसंच शिकवलंय."

"मग काल मी माळ्यावर चढलो तेव्हा बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, काकांनीच सांगितलं असेल. त्यांची काहीतरी परीक्षा असेल." ती खडूच्या फुलीकडेच पाहत होती. "आणि तुम्ही इतकं नीट मोजूनमापून करत होतात, की मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार."

बाबी मागे येऊन उभा राहिला होता. "मास्तरानू, म्हणजे काल तुमी गणपतीच्या भुवयेर जावन बसलास?" तो म्हणाला आणि त्याने स्वतःच शिडी चढून धोतर उतरवले. (काल तुम्ही गणपतीच्या भुवईवर जाऊन बसलात, असा त्याचा भाव.)

मी फुलीवर उभा राहिलो आणि वर पाहिले. पाहिल्यावर काही क्षण कॅमेरा उचलायचे सुचले नाही. ते डोळे माझ्याकडे पाहत होते. बऱ्याच दिवसांत कोणी तसे पाहिले नव्हते.

पद्धत सोडायची नाही म्हणून आधी ब्रिज कॅमेऱ्याने फोटो काढला. नजर त्यातही आली, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. परंतु त्याचा संवेदक करंगळीच्या नखाएवढा. झूम पुढे नेले की भिंगातून येणारा प्रकाशही आणखी कमी होतो. मांडवातल्या उजेडात चित्र रवाळ आले आणि पापणीची रेघ शेजारच्या रंगात मिसळली. नीट दिसणाऱ्याला ते चालले असते. मधूला चालले नसते. मग तन्वीने माझ्या डोक्यावर एक स्वच्छ प्लास्टिकचा कागद तंबूसारखा धरला आणि त्याच्याखाली मी मधूच्या कॅमेऱ्याला पन्नास मिलिमीटरचे भिंग लावले. या भिंगाला झूम नाही. पण त्याचे तोंड मोठे आहे आणि मागचा संवेदक टपालाच्या तिकिटाएवढा. रेघ केसासारखी स्वच्छ आली.

"दाखवू का तुला?"

"नको," ती म्हणाली. "आधी काकांना."

मधू जागा होता. मी टीव्ही लावता लावता त्याला सगळे सांगितले. तो ऐकत राहिला आणि मग इतका हसला, की वहिनी बाहेर आल्या.

"ऐकलंस का गं? यानं गणपतीला मोजपात्र समजून वाचन घेतलं!"

"आणि तुम्ही ते वाचन मान्य केलंत, भावोजींनी घेतलं म्हणून," वहिनी म्हणाल्या. "दोघं एकाच शाळेतले."

पडद्यावर चित्र आले. मधू खुर्चीत बसला; मग थांबला, खुर्चीच्या हाताचा आधार घेत उठला आणि सावकाश खाली सतरंजीवर बसला. टीव्ही त्याच्या डोक्याच्या वर राहिला. त्याने मान वळवली, कान पाहिला, मुकुट पाहिला, सोंडेचे वळण पाहिले. नंतर, त्याला काही दिसत नाही हे ठाऊक असूनही, त्याने तोंड सरळ केले आणि थेट मधोमध पाहिले.

"मला नाही दिसत," तो म्हणाला. "पण बघतोय रे तो."

बाबीला त्यानेच फोन केला. पेणच्या माणसाला अर्ध्या वाटेवरून परत पाठव, असे सांगितले. तन्वीला काळा भरू दे. मग वहिनींकडून कपाटातला एक पत्र्याचा डबा मागवून घेतला. त्यात त्याचे आखणीचे ब्रश होते. खारीच्या शेपटीच्या केसांचे, कापडात गुंडाळलेले. त्याने एकेकाचे टोक ओठांवर टेकवून तपासले आणि डबा माझ्या हातात दिला.

"सकाळी जाता जाता तिला दे."

"तूच दे ना. ती येईल इथे."

"नको. ती रडेल, मग मी रडेन, मग सुनंदा चहा करेल. तू दे." डबा दिल्यावर त्याचे हात मांडीवर तसेच उघडे राहिले.

रविवारी सकाळी डबा देऊन आलो. मूर्तीचे तोंड उघडे होते, डोळे काळेभोर होते आणि बाहेर मंडळाचा ढोल वाजू लागला होता. तन्वीने डबा कपाळाला लावला आणि फुलीवर जाऊन उभी राहिली. त्या गर्दीत मी फार वेळ थांबलो नाही.

दादरला पिशव्या उचलायला गेलो, तेव्हा मधू खिडकीपाशीच होता. इतक्या वर्षांच्या प्रवासांत मी त्याचा फोटो क्वचितच काढला होता. आम्ही दोघे नेहमी तिसऱ्याच वस्तूकडे पाहत असू. मी त्याचाच कॅमेरा काढला आणि समोर बसलो.

"कुठे आहेस?" त्याने विचारले.

"समोरच."

"झूम करून बसला असशील तिकडे दारात."

"नाही रे. हात लांब केलास, तर लागेन."

त्याने हात लांब केला. नेमक्या त्याच क्षणी मी कळ दाबली.

परतीच्या गाडीत शेजारची जागा रिकामी होती. तिच्यावर मी एकच पिशवी ठेवली. दुसरी मांडीवर घेतली होती. खंबाटकीच्या घाटात धुके होते आणि पुढच्या बाकावरचे जोडपे खिडकी उघडावी की बंद ठेवावी, यावर वाईपर्यंत भांडत होते.

मंडळाच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. दूरचे पक्षी, समुद्रातल्या बोटी, ज्यांच्यापर्यंत जाता येत नाही अशा सर्व गोष्टी आणि धूळ, पाऊस, घाई यांसाठी ब्रिज कॅमेरा उत्तम आहे. अंधाऱ्या जागा आणि माणसांचे चेहरे यांसाठी दुसरा घ्यावा, सोबत पन्नासचे भिंग घ्यावे आणि जवळ जावे. जवळ गेले की कोणीतरी काहीतरी बोलते, याची तयारी ठेवावी.

नमुन्यादाखल मधूचा फोटो मी मंडळाच्या बैठकीत लावणार आहे. आमच्या निकषांनुसार तो सदोष आहे. पुढे आलेला हात भिंगाला स्पष्ट दिसण्याच्या किमान अंतराच्या अलीकडे असल्याने पूर्ण धूसर आला आहे आणि त्याने चौकटीचा खालचा अर्धा भाग व्यापला आहे. मागे चेहरा मात्र स्पष्ट आहे, आणि तो माझ्या कानाकडे पाहतो आहे.